शॉर्टमध्ये जळणारा खालचा मॉसफेट : माझा अनुभव

12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा सिंक्रोनस बक कन्व्हर्टर, म्हणजे दोन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आळीपाळीने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं सर्किट : वरचा मॉसफेट इनपुटकडे, खालचा ग्राउंडकडे. आउटपुट शॉर्ट झालं की खालचा मॉसफेट जळायचा, करंट लिमिट असूनही! ती लिमिट फक्त वरच्या मॉसफेटचा करंट बघत होती.

खरी गोम इंडक्टरमध्ये (ज्या कॉइलमधून करंट आउटपुटकडे जातो तिच्यात) निघाली. शॉर्टमध्ये आउटपुट जवळपास 0 व्होल्ट, त्यामुळे ऑफ काळात (वरचा मॉसफेट बंद असताना) करंट उतरवायला मॉसफेट आणि वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवरचा किरकोळ व्होल्टेजच उरतो. वरचा मॉसफेट मात्र किमान ऑन-टाइमपुरता (त्याहून कमी वेळात तो बंद करताच येत नाही) दर सायकलला चालू होतोच. म्हणजे चढतो जास्त, उतरतो कमी. इंडक्टर सॅच्युरेट झाला (त्याच्या गाभ्याची चुंबकीय क्षमता संपली) की करंट सुसाटच. आणि जवळपास सगळा वेळ तो खालच्या मॉसफेटमधूनच वाहतो.

उपाय : खालच्या मॉसफेटवरचा व्होल्टेज ड्रॉप (त्यावरून करंट कळतो) मोजणारा कंट्रोलर, म्हणजे मॉसफेट चालू-बंद करणारी चिप, बसवला. करंट मर्यादेखाली आल्याशिवाय हा कंट्रोलर वरचा मॉसफेट चालूच करत नाही. शॉर्ट टिकला तर हिकप मोड : बंद, थोडी विश्रांती, पुन्हा प्रयत्न.

मोजणीच्या तारा थेट मॉसफेटच्या ड्रेन-सोर्स पायांवरूनच घ्या, हे फार महत्त्वाचं. तापल्यावर मॉसफेटचा ऑन-रेझिस्टन्स (चालू असतानाचा रेझिस्टन्स) बराच वाढतो, म्हणून लिमिट गरम मॉसफेटचा आकडा धरून ठरवली. आता शॉर्ट कितीही वेळ राहू दे, मॉसफेट जेमतेम कोमट होतो.