हाफ मॅरेथॉनचा शनिवार-रविवार कसा काढायचा

माझा धंदा शिवणकामाचा. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर बसणारी बाई एकवीस किलोमीटर पळते म्हटलं की लोक आधी हसतात, मग हळूच विचारतात, "नेमकं काय काय करावं लागतं हो?" सराव कसा करायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. शर्यतीचे ते दोन दिवस कसे काढायचे हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझी पहिली शर्यत नेमकी तिथेच उसवली. आतापर्यंत नऊ झाल्यात. त्या नऊ शर्यतींत जे कळलं ते सांगते.

शनिवार उजाडतो तेव्हा कापड कापून झालेलं असतं. तीन-चार महिन्यांत जे पळालात तेवढंच हाताशी. शेवटच्या आठवड्यात जास्तीचं पळून दम वाढत नाही, फक्त पाय थकतात. शेवटची लांब धाव दोन आठवडे आधी उरकायची आणि शेवटच्या आठवड्यात नेहमीच्या निम्म्याहूनही कमी पळायचं. अंगात खुमखुमी येते, "आज जरा जाऊनच येते" असं वाटतं. ती खुमखुमी रविवारसाठी राखून ठेवा. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर मात्र उतरूच नका. पैसे भरलेत म्हणून तापात पळायचं नसतं. हृदयावर बेतू शकतं.

बिब, म्हणजे छातीवर टाचायचा नंबराचा कागद, घ्यायला एक्स्पोला, म्हणजे शर्यतीआधी भरणाऱ्या धावपटूंच्या प्रदर्शनाला, जावं लागतं. पहिल्या वेळी मी तिथे चार तास उभी होते. एवढे स्टॉल, एवढे रंग! त्यात मोज्यांचा एक जोड घेतला आणि दुसऱ्या दिवशी तोच घातला. नव्या मोज्याची शिवण करंगळीवर बसत होती. पाच किलोमीटरला जाणवलं, बाराव्याला फोड आला, पंधराव्याला फुटला. शिवण कुठे बसते हे आयुष्यभर पाहणाऱ्या बाईने ही चूक करावी! तेव्हापासून शक्यतो शुक्रवारीच जाते, ओळखपत्र आणि नोंदणीचा मेल दाखवते, बिब घेते आणि तासाभरात घरी येते. खरेदी करायचीच असेल तर पुढच्या शर्यतीसाठी करा.

बिब हातात आला की तिथल्या तिथे उघडून बघा. नाव, नंबर, कुठल्या गटातून सुटायचं ते अक्षर, आणि मागची चिप. ही चिप म्हणजे बऱ्याचदा बिबच्या पाठीला चिकटवलेली पातळ पट्टी असते. ती दुमडायची नाही आणि पळताना कमरेच्या पट्ट्याखाली झाकायची नाही, नाहीतर वाटेत अंथरलेल्या, चिप टिपून वेळ नोंदवणाऱ्या मॅटवर तुमची नोंदच होत नाही. मागच्या बाजूला जवळच्या माणसाचा नंबर, औषधांची ॲलर्जी, आजार लिहायची जागा असते. पेनाने नीट भरा. स्वतःचा बिब मैत्रिणीला देऊ नका. वाटेत ती कोसळली तर डॉक्टर तुमची माहिती वाचून तिच्यावर उपचार करतील.

आता कपडे. हा माझा प्रांत, म्हणून थोडं जास्त बोलते. जे घालून निदान दोन लांब धावा झाल्यात तेच घाला. टी-शर्ट उलटा करून शिवणीवरून बोट फिरवा. जिथे बोटाला कड लागते, तिथे दोन तासांनी कातडी सोलवटणार. सपाट शिवणीचा, ज्याला फ्लॅटलॉक म्हणतात तो, कपडा सगळ्यात बरा. मानेमागचं लेबल कात्रीने कापू नका. कापलं की खुंट राहतो आणि तो लेबलापेक्षा जास्त टोचतो. टाके उसवून ते मुळासकट काढा. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि ब्राच्या खालच्या पट्टीला व्हॅसलीन हात राखून नाही, सढळ लावा. पुरुषांनी स्तनाग्रांवर टेप लावावा. हसू नका, शर्टावर रक्ताच्या दोन रेघा घेऊन आलेले गडी मी दर वर्षी बघते.

बिब शनिवारी रात्रीच टाचा, चारी कोपऱ्यांना चार पिना. पण टाचताना शर्टाच्या आत एक हात घाला किंवा पुठ्ठा सरकवा. मी पहिल्या वेळी टेबलावर शर्ट पसरून, सुरकुत्या काढून, फूटपट्टीने मध्य काढून बिब टाचला होता. पहाटे चार वाजता अंधारात शर्ट डोक्यात घातला तर डोकं मानेपर्यंत जाईचना. पुढचा-मागचा दोन्ही पदर एकत्र टाचले होते. पंचवीस वर्षांची शिंपीण, आणि बाथरूमच्या दिव्याखाली पिना काढत बसले.

शनिवारी पायांना सुट्टी. फार तर वीस मिनिटं संथ पळा, त्यात तीन-चार वेळा पन्नास पावलं जरा वेगात, बस. गावातून पाहुणे आलेत म्हणून त्यांना शहर दाखवत हिंडू नका. जेवणात पिष्टमय पदार्थ थोडे जास्त, तेल-तिखट आणि तंतुमय पदार्थ थोडे कमी, आणि सगळं ओळखीचं. ढिगाने खायची गरज नाही. रात्री झोप लागणार नाही, ते गृहीत धरा. एका रात्रीच्या जागरणाने फारसं बिघडत नाही. शुक्रवारी रात्री नीट झोपलात तर निभावतं.

रविवारी सुटण्याच्या अडीच-तीन तास आधी उठून काहीतरी हलकं खा. त्यामुळे पोट साफ व्हायलाही वेळ मिळतो, आणि ते घरीच झालेलं बरं. मैदानावरच्या फिरत्या शौचालयांच्या रांगेत मी एकदा पस्तीस मिनिटं उभी होते आणि माझ्या गटाची शिट्टी तिथूनच ऐकली. खिशात कागदी रुमाल ठेवा. पहाटे थंडी असेल तर टाकून देता येईल असा जुना शर्ट वरून घाला. आणि कितीही दुखत असलं तरी शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय जे दुखणं थांबायला सांगत असतं, त्याचंच तोंड बंद होतं.

सुटताना आपल्या वेळेच्या गटातच उभं राहा. पुढे घुसून काही मिळत नाही. तुमची वेळ बंदुकीच्या आवाजापासून नाही, तर तुम्ही सुरुवातीची मॅट ओलांडलीत तिथून मोजली जाते. बक्षिसांसाठी पुष्कळदा बंदुकीची वेळ धरतात, पण आपण त्या भानगडीत नाही.

आता वेग. सगळा खेळ इथेच बिघडतो. मला अडीच तासांत यायचं होतं. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची पळवली, १९२१मध्ये तेच अंतर कायम झालं, त्याचं हे बरोबर निम्मं. अडीच तासांसाठी किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ६ सेकंद लागतात. ढोल, गर्दी, आजूबाजूने सुसाट जाणारी पोरं, यात मी पहिला किलोमीटर ६:१० मध्ये मारला आणि दुसरा ६:२० मध्ये. आणि कसं वाटत होतं? पिसासारखं. इथेच फसगत होते, कारण आठवडाभर आराम केलेल्या पायांना पहिले तीन किलोमीटर कुठलाही वेग सोपाच वाटतो. सोळाव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी दुभाजकाला धरून उभी राहिले. शेवटच्या पाच किलोमीटरना पन्नास मिनिटं लागली. एकूण २ तास ४३.

म्हणून पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद सावकाश. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. पुढचे दहा-बारा ठरल्या वेगाने. सोळाच्या पुढे अंगात काही उरलं असेल तर काढा. दहाव्या किलोमीटरला "अजून दम आहे, वाढवू का?" असं वाटलं तर उत्तर "नाही".

घड्याळाची एक गंमत माहीत असू द्या, नाहीतर शेवटी चडफडाल. माझ्या घड्याळात प्रत्येक वेळी २१.३-२१.४ किलोमीटर भरतात. "अंतर जास्त ठेवलंय" म्हणून लोक आयोजकांवर चिडतात, पण प्रमाणित मार्ग मोजायची रीतच तशी आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं, चाकाचे फेरे मोजणारं यंत्र लावून, वळणांवर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवून, पळता येईल त्या सगळ्यात जवळच्या रेषेने मोजतात. वर दर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा ठेवतात, म्हणजे मार्ग कधी आखूड भरू नये. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आम्हीही शिवणीला माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवतोच की! आपण मात्र गर्दीतून नागमोडी पळतो, प्रत्येक वळण बाहेरून घेतो, आणि घड्याळाचा जीपीएसही थोडा इकडे-तिकडे होतो. त्यामुळे अडीच तासांत यायचं तर घड्याळात ७:०६ नाही, ७:०० दिसायला हवं. मी तर घड्याळातल्या वेगाच्या नादी लागतच नाही. कापडाच्या पट्टीवर पेनाने ५ ला ३५:३०, १० ला १:११, १५ ला १:४६:३०, २० ला २:२२ एवढं लिहून पट्टी मनगटाला शिवून टाकते आणि रस्त्यावरच्या पाट्यांशी ताडून बघते. पट्टीतल्या वेळा मॅट ओलांडल्यापासूनच्या, म्हणून घड्याळाचं बटण तिथेच दाबते.

चालण्याची लाज बाळगू नका. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळालेले जेफ गॅलोवे लोकांना आयुष्यभर हेच सांगत आले की पळण्यात मधेमधे चालणं सुरुवातीपासूनच ठरवून ठेवा. गोळा आल्यावर नाइलाजाने चालणं आणि दर पाच मिनिटांनी ठरवून एक मिनिट चालणं, यांत फार फरक आहे. फक्त थांबण्याआधी हात वर करा आणि कडेला या. मधेच थबकलात तर मागचा अंगावर येतो.

पाण्याच्या टेबलांवर सगळे पहिल्या टेबलावर तुटून पडतात. शेवटच्या टेबलावर जा, ते मोकळं असतं. ग्लासचं तोंड चिमटीत दाबून चोच करा, पाणी नाकात जात नाही. किती प्यायचं? तहान लागेल तेवढं. प्रत्येक टेबलावर दोन ग्लास रिचवणं धोक्याचं आहे. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. पळताना ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं, म्हणजे जे पाणी पीत सुटले, त्यांना हा धोका सगळ्यात जास्त होता. दोन तासांहून जास्त लागणार असतील तर थोडी साखरही पोटात जायला हवी, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मी एक जेल, म्हणजे पुडीतला साखरेचा घट्ट पाक, चाळिसाव्या मिनिटाला घेते, दुसरं ऐंशीव्या मिनिटाला, दोन्ही साध्या पाण्याबरोबर आणि दोन्ही सरावात पचवून पाहिलेली. मोफत वाटतात म्हणून अनोळखी जेल तोंडात घालू नका. पुढचं शौचालय किती लांब आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

बऱ्याच शर्यतींत वाटेवर रंगीत झेंडे असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे वेग उतरवा, काळा म्हणजे शर्यत थांबवली. लाल दिसला की मनगटावरची पट्टी विसरायची. शेजारचा माणूस उन्हात लटपटायला लागला किंवा असंबद्ध बोलायला लागला तर त्याला "चल चल" म्हणून हुरूप देऊ नका. सावलीत बसवा, अंगावर गार पाणी ओता, स्वयंसेवकाला हाक मारा. स्वतःच्या छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारलं तर तिथेच थांबा.

पंधरा ते एकोणीस हा रुक्ष पट्टा. ढोलवाले मागे राहिलेले, शेवट अजून दिसत नाही. मी शंभर पावलं मोजते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. बाही लावताना टाके मोजत जावं तसं.

शेवटची मॅट ओलांडल्यावर फोटोसाठी गचकन थांबू नका. पळणारे पाय थांबले की रक्त पायांतच साचतं आणि चक्कर येते. दहा मिनिटं चालत राहा, मेडल चालता चालता घ्या, घोट घोट पाणी प्या, सामान ठेवलं तिथून कोरडा शर्ट घेऊन लगेच बदला. तासाभरात काहीतरी खा.

सोमवारी मला वाटलं, एवढं काही दुखत नाही. आणि मंगळवारी मशीनचं पायडल दाबता येईना. स्नायूंचं हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच शिखर गाठतं, तेव्हा मंगळवारी कुणाला ब्लाउज द्यायचं कबूल करू नका. जिना चढता येतो, उतरता येत नाही. कठड्याला धरून तोंड भिंतीकडे करायचं आणि आडवं आडवं उतरायचं.