जमीन सुधारते आहे का? कोरडवाहू रानासाठी नोंदींची पद्धत

नांगरट कमी करणे, काडीकचरा न जाळता रानातच ठेवणे, सोयाबीनमध्ये तुरीचे तास घेणे, रुंद वरंबा-सरीवर पेरणे, या गोष्टी मराठवाड्यात आता नव्या राहिलेल्या नाहीत. अडचण येते ती तीन-चार वर्षांनंतर, जेव्हा जमीन खरोखर सुधारली की केवळ पाऊसमान बरे होते, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. एका वर्षी ऑगस्टमध्ये तीन आठवडे उघडीप पडते आणि दुसऱ्या वर्षी काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहते; अशा भागात दोन हंगामांच्या उत्पादनाचे आकडे शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा पावसाविषयी असतो, मशागतीविषयी नसतो. म्हणून कोणते ॲप घ्यावे, हा प्रश्न नंतरचा आहे. तुलना कशाशी करायची, हे आधी ठरले पाहिजे.

त्यासाठी त्याच रानात, त्याच पोताच्या जमिनीवर एक पट्टा जुन्या पद्धतीनेच राखावा. वाण, पेरणीची तारीख आणि बियाण्याचे प्रमाण दोन्हीकडे एकच असावे आणि फरक शक्यतो एकाच गोष्टीचा असावा; नांगरट बंद, आच्छादन सुरू आणि खत निम्मे असे तिन्ही एकदम केले, तर पुढे कशाचा परिणाम झाला हे उलगडत नाही. पट्टा किमान 30 मीटर रुंद असावा, कारण सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका 10 मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो व कडेच्या ठिपक्यांत शेजारचे पीकही मिसळते. ज्यांच्याकडे एवढी रुंदी नाही, त्यांनी उपग्रहाचा नाद सोडून पुढे दिलेल्या हातमोजणीवर भर द्यावा. त्यात काही कमीपणा नाही. दोन्ही पट्ट्यांच्या सीमा मोबाईलवरील नकाशात चालत जाऊन नोंदवून ठेवाव्यात. मोबाईलचे जीपीएस काही मीटरने चुकते, तेव्हा त्या रेषेवरून धुऱ्याचा वाद मात्र उकरून काढू नये.

माती परीक्षणासाठी नमुना रब्बीची काढणी झाल्यावर, उन्हाळ्यात घ्यावा. नागमोडी चालत आठ ते दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खाप काढावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागेची माती टाळावी. सगळी माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन भाग टाकत जावे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करावे. प्रत्येक पट्ट्याचा नमुना वेगळा ठेवून खड्ड्यांच्या जागा मोबाईलमध्ये टिपाव्यात, म्हणजे पुढील खेपेस त्याच जागांच्या आसपास जाता येईल.

मृद आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये धरून 12 घटक असतात. आपल्या कामासाठी त्यांतील सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेल्या कार्बनची, ओळ सर्वांत मोलाची आहे आणि सर्वांत जास्त फसवणारीही तीच आहे. एका हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 1,900 ते 2,000 टन माती असते, म्हणजे सेंद्रिय कर्ब 0.40 वरून 0.50 टक्क्यावर नेण्यासाठी सुमारे दोन टन निव्वळ कर्ब जमिनीत टिकून राहावा लागतो. टाकलेल्या काडीतील बराचसा कर्ब आपल्या उन्हात विघटन होऊन हवेत निघून जातो. त्यामुळे वर्षभरात 0.1 ची वाढ दिसली, तर आनंद मानण्याआधी नमुन्याची खोली बदलली का, प्रयोगशाळा बदलली का, हे तपासावे. तीन वर्षांतून एकदा, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत तपासणी केली तरी पुरते.

कर्बापेक्षा लवकर बदलते ती पाणी मुरण्याची गती, आणि ती मोजायला एक पाइपाचा तुकडा व मोबाईलमधील घड्याळ पुरते. 15 सेंटिमीटर आतील व्यास असलेला पाइपाचा तुकडा लाकडी फळी ठेवून निम्मा जमिनीत ठोकावा, आत प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर 440 मिलिलिटर पाणी ओतावे आणि कागद अलगद ओढून घड्याळ सुरू करावे. एवढे पाणी म्हणजे 25 मिलिमीटर पाऊस. पहिले पाणी माती ओली करण्यात जाते, म्हणून ते मुरल्यावर तेवढेच दुसऱ्यांदा ओतून त्याचा वेळ टिपावा. प्रत्येक पट्ट्यात तीन ठिकाणी, वाफसा असताना आणि दोन्हीकडे त्याच दिवशी ही मोजणी करावी. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात. तेव्हा पाणी क्षणात गडप होते आणि तो आकडा जमिनीच्या सुधारणेचा नसतो. याच भेगांमुळे ओलावा मोजणारे महागडे सेन्सरही भारी जमिनीत फसतात: माती आकसली की सेन्सरभोवती पोकळी होते आणि आकडा हवेचा येतो. सेन्सर घ्यायचेच असतील, तर आधी ठिबकाखालच्या, सतत ओल्या राहणाऱ्या रानात वापरून पाहावेत.

पावसाची नोंद आपल्याच आखाड्यावर व्हावी. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा अतिवृष्टीच्या 65 मिलिमीटरच्या निकषासाठी महत्त्वाचा आहे, परंतु एका मंडळात कितीतरी गावे येतात आणि आपल्याकडचा पाऊस धुऱ्यागणिक बदलतो. साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी आकडा टिपावा. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी, हे ध्यानात ठेवले की आकड्याला अर्थ येतो. पेरणीसाठी 75 ते 100 मिलिमीटर पावसाची वाट पाहण्याचा सल्ला परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ देते. तो पाळायचा तर आकडा आपल्या रानाचा हवा. पुढील पाच दिवसांचा अंदाज मेघदूत ॲपवर मिळतो. विहीर असल्यास कठड्यावर खूण करून तेथून पाण्यापर्यंतचे अंतर महिन्यातून दोनदा दोरीने मोजावे.

उपग्रहाची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यातील एनडीव्हीआय हा निर्देशांक पानांवरून परतणाऱ्या लाल व अवरक्त प्रकाशावरून हिरवेपणा सांगतो: उघड्या रानाचा आकडा साधारण 0.1 ते 0.2 असतो, तर दाट सोयाबीनचा 0.7 च्या पुढे जातो. मात्र तणही हिरवेच असते आणि पीक एकदा दाटले की चांगल्या व फार चांगल्या पिकातला फरक या आकड्यात दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे आठवडेच्या आठवडे काही हाती लागत नाही. माझ्या मते या चित्रांचा खरा उपयोग पावसाळ्यानंतरच्या ढगविरहित दिवसांत आहे: खरीप निघाल्यावर रान किती दिवस बोडके राहिले आणि उघडीप पडल्यावर कोणता पट्टा आधी सुकू लागला, हे पाहण्यासाठी. वाळलेले आच्छादन मात्र या निर्देशांकाला उघड्या जमिनीसारखेच दिसते, म्हणून ठरलेल्या खांबाजवळून महिन्यातून एकदा फोटो काढावा.

या सर्व नोंदी एका साध्या तक्त्यात ठेवाव्यात: तारीख, पट्टा, काम, किती वापरले, खर्च, फोटो. मराठीत बोलून टंकन होत असल्याने संध्याकाळी दोन मिनिटे पुरतात. डिझेलचे लिटर आणि खुरपणीची मजुरी हे रकाने कधीही रिकामे ठेवू नयेत, कारण नांगरट सोडल्यावर पहिल्या दोन वर्षांत तण वाढते आणि वाचलेले डिझेल मजुरीत किंवा तणनाशकात गेले का, हे तेथेच कळते. काढणीच्या वेळी दोन्ही पट्ट्यांचा माल एकत्र होऊ न देता वेगळा मोजावा. मळणीयंत्र दारात उभे असताना हे जिवावर येते, पण त्याशिवाय वर्षभराची मोजणी वाया जाते.

कर्ब-पतपत्रांसाठी (कार्बन क्रेडिट, म्हणजे जमिनीत साठवलेल्या कर्बाच्या बदल्यात मिळणारी, विकता येणारी पत्रे) एखादी कंपनी गावात आली, तर करार किती वर्षांचा आहे, नमुन्याचा खर्च कोणाचा, मध्येच नांगरट करावी लागली तर काय आणि आपल्या नोंदींची प्रत आपल्याला मिळणार का, हे सही करण्याआधी मराठीत लेखी मागावे. सातबारा दाखवण्यास हरकत नसते. मोबाईलवर आलेला ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये.