फॉन्टमुळे डिझाइनचं सॉफ्टवेअर अडकतंय? या चुका टाळा

लग्नसराई, शेजारच्या खुर्चीत पत्रिका करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, आणि फॉन्टची यादी उघडताच पडदा पांढरा. वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. अशा वेळी आपण घाईत जे करतो, त्यानेच दुखणं लांबतं.

पहिलं म्हणजे, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू नका. मी एकदा अख्खी दुपार यात घालवली आणि संध्याकाळी यादी त्याच जागी अडकली. कारण साधं आहे: फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये नसतात, विंडोजमध्ये असतात. नवं सॉफ्टवेअर तीच बिघडलेली फाइल पुन्हा वाचायला जातं.

आधी यादीतला नमुना बंद करून बघा. प्रत्येक नावापुढे अक्षराचं रूप दाखवायला सॉफ्टवेअरला तो फॉन्ट उघडावा लागतो. फोटोशॉपमध्ये टाइप मेनूतल्या 'फॉन्ट प्रिव्ह्यू साइज'ला 'नन' करा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या 'टाइप' भागात मेनूतल्या प्रिव्ह्यूची खूण काढा. एवढ्याने यादी सुरळीत उघडली, तर निदान काम पुढे सरकतं आणि संशय फॉन्टवर पक्का होतो.

दुसरी चूक एकेक फॉन्ट काढत बसण्याची. हजार फॉन्टांत असा दोषी शोधायला आठवडा जाईल. त्यापेक्षा अर्धे-अर्धे करा. सगळ्या फॉन्टांची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मग तुम्ही स्वतः टाकलेल्यांपैकी निम्मे काढा आणि सॉफ्टवेअर उघडा. चाललं, तर दोषी काढलेल्यांत. अडकलं, तर उरलेल्यांत. त्या गटाचे पुन्हा दोन भाग. 1000 फॉन्ट असले तरी 500, 250, 125 असं करत दहा फेऱ्यांत एकाच फाइलवर येता. एकापेक्षा जास्त फॉन्ट बिघडलेले असले तर पुन्हा फेरी मारावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. फॉन्ट मॅनेजर, म्हणजे फॉन्ट सांभाळणारं वेगळं सॉफ्टवेअर, असेल तर काढण्याऐवजी तिथूनच बंद-चालू करा. विंडोजच्या फोल्डरमधल्या 'हाइड'वर मात्र विसंबू नका, त्याने फॉन्ट निघत नाही.

हे करताना सेगो यूआय, ताहोमा, निर्मला यूआय यांना हात लावू नका. ते विंडोजचे स्वतःचे आहेत. निर्मला यूआयवर तर मराठी अक्षरं दिसणं अवलंबून असतं.

आपल्याकडचा खरा घोळ जुन्या मराठी फॉन्टांचा. युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःच्या जागा देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाइलींत मजकूर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो. तो फॉन्ट नसेल तर 'श्री' ऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून कोणी काहीच टाकून देत नाही. जुन्या ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवरून, गिऱ्हाइकाच्या फोल्डरमधून तोच फॉन्ट तीनतीनदा येतो. फाइलचं नाव बदलून उपयोग नाही, फॉन्टचं खरं नाव फाइलच्या आत असतं आणि सॉफ्टवेअर तेच वाचतं. फोल्डरमध्ये नावाला '_0' लागलेली फाइल दिसली तर तीच दुबार आहे का, हे आधी बघा. चांगली एक प्रत ठेवून बाकीच्या काढा. गिऱ्हाइकाच्या जुन्या फाइलीचा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलायचा असेल, तर मूळ फाइल वेगळी जपा. बदलल्यावर त्यात शुद्धलेखन सुधारता येत नाही.

पेनड्राइव्हवरून शॉर्टकटने, म्हणजे फाइल संगणकावर न आणता, फॉन्ट टाकले असतील तर तेही तपासा. पेनड्राइव्ह निघाला की सॉफ्टवेअर नसलेल्या फाइलीची वाट बघत बसतं. फॉन्ट आधी संगणकावर कॉपी करा, मग टाका.

दोषी काढूनही अडकत असेल, तर फॉन्टची कॅश, म्हणजे विंडोजने फॉन्टविषयी साठवून ठेवलेली माहिती, साफ करा. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस' थांबवा, विंडोज फोल्डरच्या आत 'सर्व्हिसप्रोफाइल्स', 'लोकलसर्व्हिस', 'ॲपडेटा', 'लोकल' असं जात 'फॉन्टकॅश' फोल्डरपर्यंत पोहोचा, तिथल्या फाइली काढा आणि संगणक पुन्हा चालू करा. विंडोज त्या नव्याने बनवतं, त्यामुळे पहिल्यांदा उघडायला थोडा वेळ लागेल. तेव्हा घाबरून मधेच बंद करू नका.

मॅकवर हे सोपं आहे: फॉन्ट बुकमध्ये सगळे निवडून 'व्हॅलिडेट' करा, खराब फाइलींपुढे इशारा येतो.

सगळं झाल्यावर सॉफ्टवेअर उघडा, यादी वरपासून खालपर्यंत एकदा सरकवून बघा, आणि मगच नमुना पुन्हा चालू करा.