कर्मचारी प्रशिक्षणाला खेळाचे रूप कसे द्यावे: बिल्ले सगळ्यात शेवटी

गुण, बिल्ले आणि क्रमवारी जोडली की प्रशिक्षण रंजक होते, हा समज आधी बाजूला ठेवा. बुद्धिबळाच्या पटावर बिल्ले मिळत नाहीत, तरी माणसे तासन्‌तास खिळून बसतात. प्रत्येक चालीत निर्णय असतो आणि त्याचे फळ लगेच समोर येते. प्रशिक्षणात आणायचे ते हेच.

१. एकच कृती निवडा. ‘सायबर सुरक्षेची जाणीव’ हा विषय झाला. ‘संशयास्पद ईमेल आल्यास लिंक न उघडता दहा मिनिटांत आयटी विभागाला कळवणे’ ही कृती झाली.

२. प्रसंग लिहा. आठ-दहा पुरेत, प्रत्येकी साठ-सत्तर शब्द आणि तीन पर्याय. खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर घ्या, कारण उत्तर बघताक्षणी कळले तर खेळ तिथेच संपतो. उदाहरणार्थ, ‘आज संध्याकाळपर्यंत खात्याची माहिती तपासा, नाहीतर पगार अडकेल’ असा मेल आला आहे आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर वेगळे आहे. लिंक उघडावी, ‘हा मेल तुमचाच का?’ असे उत्तर पाठवून विचारावे, की आयटीला कळवावे? दुसरा पर्याय सावधपणाचा वाटतो, म्हणून बरेच जण तिथे फसतात. त्यांना ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ म्हणू नका. पुढच्या पडद्यावर त्या भामट्याचे अतिशय नम्र उत्तर दाखवा: ‘हो, आमचाच आहे.’ कारण दोन ओळींत त्यानंतर सांगा.

दोन-तीन मेल अस्सल ठेवा. नाहीतर लोक सरसकट सगळेच संशयास्पद ठरवायला शिकतात.

३. पाच-सहा जणांवर चाचणी घ्या. ते खेळत असताना शेजारी गप्प बसा. मदत केलीत तर चाचणी वाया गेली. सगळ्यांचे सगळे बरोबर आले तर खेळ फार सोपा आहे. पहिल्या फेरीत दहापैकी सहा-सात बरोबर येणे ठीक.

४. मोकळीक द्या. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार आतून येणारी प्रेरणा स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा यांवर पोसते. म्हणून प्रसंगांचा क्रम ज्याचा त्याला ठरवू द्या, जाणकाराला चाचणी देऊन पुढे जाऊ द्या आणि अवघड प्रसंग तिघा-चौघांच्या गटाला द्या.

५. बक्षिसे जपून वापरा. 1973 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रे काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असे आधी सांगितलेली मुले नंतर आपणहून कमी चित्रे काढू लागली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांचे तसे झाले नाही. वेगाला गुण दिलेत तर लोक न वाचताच बटणे दाबतील. सार्वजनिक क्रमवारीत तळाचे लोक लवकर हात टेकतात. त्यापेक्षा प्रत्येकाला त्याचीच मागची कामगिरी दाखवा.

६. पुन्हा आठवायला लावा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी नव्या शब्दांतले दोन-दोन प्रसंग पाठवा. पुन्हा वाचण्यापेक्षा स्मरणातून उत्तर काढल्याने ज्ञान जास्त टिकते, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवले.

७. मोजायचे काय? ‘शंभर टक्के पूर्ण’ हा आकडा फक्त अहवालात शोभतो. आधीच्या आणि नंतरच्या महिन्यात किती खरे संशयास्पद मेल कळवले गेले आणि मेल आल्यापासून किती मिनिटांत, हे शेजारी-शेजारी मांडा.