मधाची हलकी बिअर घरी करताना मध कधी घालायचा

मी अमेरिकेत राहतो. इथे दोन प्रौढांच्या घराला स्वतःपुरती वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा गुन्हा आहे, तिथे करू नका.

भांडी निर्जंतुक आहेत असं धरतो. १९ लिटरच्या घाण्याला १.८ किलो फिकट कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची भुकटी), ४५० ग्रॅम मध, ३० ग्रॅम हालरटाउ जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं). माल्ट आणि हॉप्स तासभर उकळा, झटपट २० अंशांपर्यंत निववा, एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट) घाला, १८-२० अंशांत झाकून ठेवा.

आता मध. तो उकळीत घाला म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. मी सुरुवातीला तेच करायचो. घरभर घमघमाट सुटायचा आणि ग्लासात काहीच उरायचं नाही. पहिले तीन दिवस बिअर जोरात फसफसते, तेव्हाही निघणारा वायू वास घेऊन जातो. म्हणून चौथ्या दिवशी, वरचा फेस बसला की घाला. अर्धा लिटर पाणी उकळून ७० अंशांवर येऊ द्या, त्यात मध विरघळवा, पंधरा मिनिटं तेवढंच गरम ठेवा, निववा आणि कडेकडेने सोडा. खळबळ नको, हवा मिसळली की बिअर शिळी लागते.

गोडी मात्र राहणार नाही. मधातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खातं. गोडसर चव हवीच असेल तर माल्ट एक्स्ट्रॅक्ट घालण्याआधी दळलेलं २०० ग्रॅम हनी माल्ट ६८ अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून गाळून घ्या. नावात मध असला तरी ते जवाचं धान्य आहे.

मध घातल्यावर आंबणं पुन्हा सुरू होतं, आणि घात इथेच होतो. एकदा नवव्या दिवशी बुडबुडे थांबलेले बघून मी बाटल्या भरल्या. पुढच्या आठवड्यात तळघरात सात फुटल्या, एक काच दाराच्या लाकडात रुतली होती. शेजारी कोणी उभं असतं तर? बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका. हायड्रोमीटर (बिअरची घनता मोजून किती साखर उरली ते दाखवणारं साधन) १.००८ च्या आसपास येऊन सलग तीन दिवस हलला नाही, तरच भरा. मला तीन आठवडे लागतात.

भरताना बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून ११५ ग्रॅम डेक्स्ट्रोज (एक साधी साखर) थोड्या पाण्यात उकळून मिसळा. इथे मध वापरू नका, प्रत्येक मधात पाणी कमीजास्त असतं आणि वायूचा अंदाज चुकतो. दोन आठवडे खोलीत, मग फ्रिजमध्ये. प्यायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार असली की मधाचा वास नाकापर्यंत पोचत नाही.