वधूचा साज आणि मांडवाची सजावट : सुरुवात साडीपासून करावी

नाशिकमध्ये लग्न ठरले की बहुतेक घरांत आधी लॉन्स किंवा मंगल कार्यालय ठरते, पाठोपाठ डेकोरेटरच्या अल्बममधून एखादा सेट निवडला जातो आणि साडीखरेदी मात्र वेगळीच, जमेल तशी उरकली जाते. हा क्रम बदलावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कार्यालयाची तारीख आधी घ्यावीच लागते. परंतु सजावटीचे रंग, फुले आणि दिवे हे वधूच्या साड्या घरात आल्यावर आणि मुहूर्ताची वेळ निश्चित झाल्यावरच ठरवावेत. मागची सजावट वधूच्या अंगावरच्या रंगाला एक तर उठाव देते किंवा तो गिळून टाकते, आणि डेकोरेटरला साडीचा रंगच ठाऊक नसेल तर यांपैकी काय घडेल हे निव्वळ योगायोगावर सोडल्यासारखे होते.

लग्नाच्या मुख्य विधींसाठी साधारणपणे तीन साड्या लागतात. हळदीला सुती किंवा साधी पिवळी साडी पुरेशी असते, कारण हळदीचा डाग रेशमातून सहसा जात नाही. मुहूर्ताला अनेक घरांत मामाकडून आलेली पिवळी अष्टपुत्री नेसली जाते. त्यानंतरच्या विधींसाठी किंवा सायंकाळच्या स्वागतसमारंभासाठी शालू अथवा पैठणी असते, आणि खर्चाचा व विचाराचा सर्वांत मोठा वाटा इथेच लागतो.

पैठणी घ्यायची असेल तर नाशिककरांना येवला जवळ आहे, याचा लाभ जरूर घ्यावा. येवला आपल्याच जिल्ह्यात, शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि तिथे विणकरांच्या घरी हातमाग चालू असताना पाहता येतो. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही पैठणीच्या नावाने यंत्रमागावरच्या साड्या सर्रास विकल्या जातात, त्यामुळे पारख स्वतः करावी. पदर उलटून पाहावा. हातमागावरच्या पैठणीत मोर, मुनिया, असावली किंवा कमळ ही नक्षी एकेक धागा अडकवत विणलेली असते आणि ती मागच्या बाजूनेही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या साडीत मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे आढळतात. यंत्रमागाची साडी घेण्यात काही कमीपणा नाही, फक्त तिची किंमत तिच्याच दराने मोजावी. हवा तो रंग आणि हवे ते काठ खास विणून घ्यायचे असतील, तर नक्षीच्या दाटपणानुसार काही आठवड्यांपासून अनेक महिन्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणून ही मागणी कार्यालय ठरले की लगेच नोंदवावी.

नऊवारीचा विचार असल्यास नेसलेली नऊवारी निवडावी, असे मला मनापासून वाटते. शिवलेली साडी पटकन चढवता येते हे खरे. परंतु सव्वाआठ मीटरचे वस्त्र अंगाच्या ठेवणीप्रमाणे चापूनचोपून नेसल्यावर काष्ट्याला आणि निऱ्यांना जो डौल येतो, तो शिवणीने येत नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी ती एकदा पूर्ण नेसून, पाटावर मांडी घालून बसून, उठून आणि होमाभोवती फिरावे तसे चालून पाहावे. कुठे ओढ बसते आणि कुठे सैल पडते, हे त्याच दिवशी कळते.

आता मांडवाकडे वळू. मुहूर्ताची साडी पिवळी आणि मागे झेंडूच्या पिवळ्या-केशरी माळांची भिंत, हे दृश्य आपल्याकडे वारंवार दिसते, आणि त्यात वधूचा चेहरा तेवढा वेगळा दिसतो, बाकी सारे मागच्या फुलांत मिसळून जाते. पिवळ्या साडीमागे हिरवा रंग असावा: केळीचे खांब, आंब्याचे डहाळे, नारळाच्या झावळ्या आणि त्यांत पांढऱ्या निशिगंधाच्या माळा. झेंडू टाकून द्यायचा नाही; तो प्रवेशद्वारावर, जिन्याला आणि पंगतीच्या बाजूला भरपूर वापरावा. साडी हिरवी किंवा जांभळी असेल, तर मात्र झेंडूची भिंत तिच्यामागे अतिशय शोभते. लाल शालूमागे लाल गुलाब टाळावेत आणि मोतिया रंगाचे कापड, शेवंती व पाने घ्यावीत. साडीच्या काठाचा एक छोटा तुकडा, किंवा निदान दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र, डेकोरेटरला द्यावे.

लॉन्सवर दुपारचा मुहूर्त असल्यास मांडवाच्या छताचा रंग विशेष महत्त्वाचा ठरतो, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. लाल किंवा गुलाबी कापडातून ऊन गाळून येते तेव्हा त्याची छटा चेहऱ्यावर, पांढऱ्या मोत्यांवर आणि वराच्या उपरण्यावरही पडते. ती छायाचित्रातून नंतर पूर्णपणे काढता येत नाही. बोहल्यावरचे छत पांढरे किंवा मोतिया असावे आणि रंगीत झालरी बाजूंना लावाव्यात. गोरज मुहूर्त असेल तर प्रश्न उजेडाचा असतो. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मंगलाष्टके संपता संपता अंधार पडलेला असतो. अशा वेळी बोहल्यावर एकाच प्रकारचा उबदार पिवळसर प्रकाश ठेवावा. निळे-जांभळे फिरते दिवे जरीचे सोनेपण मारतात आणि त्वचा निस्तेज दाखवतात. ते हवेच असतील तर वरातीसाठी ठेवावेत.

लाजाहोमाच्या जागेभोवती आणि थेट वर जाळी, नेट किंवा कागदी फुले लावू नयेत, ही अट डेकोरेटरला लेखी द्यावी. समयांच्या वाती पंख्याच्या झोतात येणार नाहीत, हेही आदल्या दिवशीच पाहावे.

फुलांची निवड ऋतू पाहून केली तर खर्च वाचतो आणि फुले ताजी मिळतात. मोगरा उन्हाळ्यात भरपूर येतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या थंडीतील मुहूर्तांना तो दुर्मीळ आणि महाग असतो, म्हणून तेव्हा वेणीला शेवंती, अबोली आणि निशिगंध घ्यावा. गुलाबांसाठी नाशिक परिसर ओळखला जातो, मोगलकाळात या शहराला गुलशनाबाद म्हणत आणि आजही दिंडोरी तालुक्यातील पॉलिहाउसमध्ये गुलाबाचे मोठे उत्पादन होते. मात्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचे भाव चढतात, तेव्हा त्या दिवसांतल्या लग्नाला अन्य फुलांवर भर द्यावा. गजरे आणि फुलांचे दागिने सकाळी लवकर आणून ओलसर मलमलीत गुंडाळून ठेवावेत, पाण्यात बुडवू नयेत.

थर्मोकोलच्या सजावटीचा विचार मनातही आणू नये. महाराष्ट्रात त्यावर २०१८ पासून बंदी आहे, आणि त्याहून सुंदर वस्तू जुन्या नाशकात हाताशी आहेत. भांडी बाजारात पितळी-तांब्याची घंगाळी, हंडे, कळशा, समया पाहायला मिळतात, आणि नातलगांच्या माळ्यावरही अशी भांडी पडून असतात. चिंचेने घासून लखलखीत केलेले मोठे घंगाळ पाण्याने भरून, त्यात पाकळ्या सोडून प्रवेशद्वारी ठेवले, दोन्ही बाजूंना हंडा-कळशीची उतरंड रचली आणि पुढे रांगोळी काढली, तर भाड्याच्या कमानीची गरज उरत नाही. रुखवताच्या टेबलावरही हीच भांडी शोभतात. द्राक्षांचा हंगाम असेल तर त्यांत घडांची रास करावी.

दागिन्यांत संयम हवा. गळ्यालगत एक आणि लांब एक, अशी जोडी पुरेशी होते: ठुशीसोबत मोहनमाळ, किंवा चिंचपेटीसोबत तन्मणी. पैठणीचा पदर भरगच्च असेल तर सोन्याचे दागिने थोडके ठेवावेत. अष्टपुत्रीवर मोत्यांचा साज अधिक खुलतो. हिरवा चुडा कासाराकडून हाताच्या मापाचा भरून घ्यावा आणि पाटल्या, तोडे त्याच वेळी चढवून पाहावेत, म्हणजे काच फुटत नाही. नाक टोचलेले नसेल तर दाबाची नथ आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ घालून सवय करावी. केशरचना करणाऱ्या बाईंना मुंडावळ्यांची कल्पना आधी द्यावी, कारण कपाळावरचे केस फार फुगवले तर मुंडावळ्या घसरतात. खोपा किंवा अंबाडा आधी, मग मुंडावळ्या पिनांनी पक्क्या कराव्यात आणि नथ सर्वांत शेवटी घालावी.

मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढावी, कारण तिचा रंग पुढच्या दिवस-दोन दिवसांत गडद होतो. काळी मेंदी म्हणून जे विकले जाते, त्यात केसांच्या कलपातले रसायन असू शकते आणि त्याने त्वचेवर फोड येतात. ती घेऊ नये. थंडीतल्या सायंकाळी लॉन्सवर चांगलेच गारठते, म्हणून साडीच्या रंगाचा एक शेला करवलीजवळ असावा. तिच्याच पिशवीत सुई-दोरा, पिना, जादा टिकल्या आणि पाण्याची बाटलीही असू द्यावी.

अत्तर साडीवर मारू नये, जर काळी पडते. ते साडी नेसण्यापूर्वी मनगटाला आणि कानामागे लावावे. समारंभ संपल्यावर पैठणी सावलीत वाऱ्यावर टाकावी, मलमलीच्या कापडात गुंडाळावी, जरीला डांबराच्या गोळ्या लागू देऊ नयेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नव्या ठिकाणी घालावी, कारण एकाच घडीवर जर तुटते.