एकच फोल्डर, दोन सॉफ्टवेअर: क्यूजीआयएस आणि आर्कजीआयएस प्रो यांच्या सामाईक कामाचा अनुभव

क्यूजीआयएस आणि आर्कजीआयएस प्रो ही संगणकावर नकाशे तयार करण्याची दोन सॉफ्टवेअर. पहिल्या संयुक्त प्रकल्पात मी क्यूजीआयएसवर काम करत होते आणि माझा सहकारी आर्कजीआयएस प्रोवर. सर्व्हरवरचा फोल्डर दोघांचा होता. मात्र त्याची रचना कोणीच ठरवली नव्हती, त्यामुळे ज्याला जिथे सुचले तिथे त्याने फाइल ठेवली. एका संध्याकाळी मी त्यातले दोन उपफोल्डर माझ्या मते नीट लावले आणि दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याच्या नकाशात जवळजवळ प्रत्येक लेयरपुढे, म्हणजे माहितीच्या थरापुढे, मूळ फाइल सापडत नसल्याचे लाल उद्गारचिन्ह उभे राहिले.

याचे कारण नवख्या माणसाने आधी समजून घ्यावे. क्यूजीआयएसची क्यूजीझेड किंवा आर्कजीआयएस प्रोची एपीआरएक्स या प्रोजेक्ट फाइलमध्ये लेयरचे रंग, क्रम, मांडणी आणि मूळ फाइलचा पत्ता एवढेच असते. रस्ते, नद्या, हद्दी हा डेटा बाहेरच असतो. म्हणून फोल्डरची रचना सॉफ्टवेअरवरून न ठरवता डेटावरून ठरवावी, असे माझे मत झाले आहे.

आम्ही नंतर चार फोल्डर केले. पहिल्यात बाहेरून आलेला डेटा जसाच्या तसा राहतो आणि त्यात कोणीही बदल करत नाही. दुसऱ्यात कामाचे लेयर, तिसऱ्यात दोन्ही सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइल वेगवेगळ्या उपफोल्डरांत, तर चौथ्यात तयार नकाशे. नावे रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता आणि अक्षराने सुरू होणारी ठेवली, कारण जिओडेटाबेसमधल्या (आर्कजीआयएसच्या डेटा साठवण्याच्या खास फोल्डरमधल्या) लेयरचे नाव अंकाने सुरू झालेले आर्कजीआयएसला चालत नाही.

एवढ्याने भागत नाही. आर्कजीआयएस प्रो नव्या प्रोजेक्टसोबत स्वतःचा जिओडेटाबेस तयार करते आणि वेगळे सांगितले नाही, तर टूलचे निकाल तिथेच ठेवते; क्यूजीआयएस वापरणारा तिथे शोधायला जातच नाही. क्यूजीआयएसची खोड याच्या उलट आहे. तिथे टूलचा निकाल बहुधा तात्पुरता लेयर म्हणून येतो आणि प्रोग्रॅम बंद केला की नाहीसा होतो. बंद करताना सूचना मिळते खरी, पण घाईत ती वाचतो कोण? निकालाची जागा दरवेळी हाताने निवडायची, हा नियम आम्हाला दोघांनाही लावून घ्यावा लागला.

फाइलच्या प्रकाराबाबत सर्वाधिक त्रास शेपफाइल या नकाशाचा डेटा साठवण्याच्या प्रकाराने दिला. ती एक फाइल दिसली तरी प्रत्यक्षात एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे आणि सीपीजी अशा भावंडांचा संच असतो आणि तो एकत्रच हलवावा लागतो. मजकुराची संकेतपद्धती सांगणारी सीपीजी मागे राहिली, तर टेबलमधला देवनागरी मजकूर अगम्य चिन्हांत दिसू शकतो. त्याहून गमतीचा प्रकार स्तंभाच्या नावाचा. टेबल साठवणाऱ्या डीबीएफमध्ये नावाला १० बाइटची जागा असते आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, ३ बाइट घेते. म्हणजे जेमतेम तीन चिन्हे बसतात. माझ्या टेबलातल्या ‘लोकसंख्या’ या स्तंभाचे फक्त ‘लोक’ उरले होते!

म्हणून कामाचे लेयर आम्ही जिओपॅकेजमध्ये नेले. ते ओजीसी या नकाशा-डेटाची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे खुले मानक असून एसक्यूलाइट या डेटाबेसवर आधारलेली एकच फाइल असते आणि दोन्ही सॉफ्टवेअर ती उघडतात. अडचण तिथेही आहेच. क्यूजीआयएसमध्ये ती उघडी असताना शेजारी दोन छोट्या जोडफाइली दिसू शकतात. अशा वेळी केवळ मुख्य फाइलची प्रत काढली, तर ताजे बदल निसटू शकतात. सामाईक ड्राइव्हवर दोघांनी एकाच वेळी तिच्यात बदल करणेही धोक्याचे असते. त्यामुळे एका लेयरवर एका वेळी एकच माणूस, असे ठरवून आम्ही एका साध्या मजकूर फाइलमध्ये नोंद ठेवू लागलो. जिओडेटाबेसचा फोल्डर क्यूजीआयएसमधून वाचता येतो. त्याच्या आतल्या फाइलींना मात्र हात लावू नये.

रंगसंगती इकडून तिकडे आपोआप जात नाही. ती साठवणाऱ्या क्यूजीआयएसच्या क्यूएमएल आणि आर्कजीआयएसच्या एलवायआरएक्स या फाइलींचे प्रकार निराळे आहेत, म्हणून रंगांचे कोड आम्ही त्याच मजकूर फाइलमध्ये लिहिले.

फाइलच्या पत्त्यांसाठी क्यूजीआयएसच्या प्रोजेक्ट गुणधर्मांत रिलेटिव्ह पाथ (प्रोजेक्ट फाइलच्या जागेपासून धरलेला पत्ता) निवडलेला आहे ना, हे तपासावे. विंडोजवर प्रोजेक्ट एका ड्राइव्हवर आणि डेटा दुसऱ्यावर असेल, तर रिलेटिव्ह पाथ चालतच नाही. खात्री करण्यासाठी आम्ही संपूर्ण फोल्डरची प्रत वेगळ्या संगणकावर नेली आणि सर्व्हरची जोडणी काढून दोन्ही प्रोजेक्ट उघडले. सहकाऱ्याचे सगळे लेयर सुखरूप आले. माझ्या प्रोजेक्टमधला नद्यांचा लेयर मात्र आला नाही, कारण इतके दिवस तो माझ्या डेस्कटॉपवरूनच उघडत होता.